नटक्रॅकर बघायला न्यूयॉर्कला: तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

"बॅले? आम्हाला काय कळणार त्यात? तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो."

डिसेंबरात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत आलेल्या आई-बाबांच्या तोंडून हे वाक्य मी न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या कितीतरी घरांत ऐकलंय. मुलंही मग फार आग्रह करत नाहीत. तिकिटं महाग, बाहेर थंडी, त्यांचे गुडघे दुखतात, जाऊ दे. माझ्या सासूबाई आणि सासरे, म्हणजे आमचे नाना, पहिल्यांदा आले तेव्हा अगदी हेच म्हणाले होते. तरी आम्ही त्यांना नेलं. त्यानंतर माझी आई, मावशी, नणंद आणि तिची मुलं अशा वेगवेगळ्या पाहुण्यांबरोबर मी हा प्रयोग सहा वेळा पाहिलाय. माझं मत आता पक्कं झालंय. अमेरिकेत येऊन रंगमंचावरचं एकच काही बघायचं असेल, आणि बरोबर इंग्रजी फारसं न समजणारी वडीलधारी माणसं असतील, तर नटक्रॅकर हा बॅले बघावा. ब्रॉडवेच्या संगीतिकेत गाणीही इंग्रजीत आणि विनोदही. इथे पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही. नाच, अभिनय आणि समोरच्या खड्ड्यात बसलेला जिवंत वाद्यवृंद. संगीत नाटकं ऐकत मोठी झालेली, कथकमधला भाव ओळखणारी माणसं इथे पाहुणी वाटत नाहीत.

फक्त तयारी नीट हवी. ती कशी करायची ते सांगते.

कुठला प्रयोग, आणि कोणत्या दिवशी

नटक्रॅकर अमेरिकेत गावोगावी होतो. सॅन फ्रान्सिस्को बॅलेने १९४४ साली अमेरिकेतला पहिला संपूर्ण नटक्रॅकर केला आणि आजही तो तिथल्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाउसमध्ये होतो. लंडनला जाणार असाल तर रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पीटर राइट यांनी १९८४ साली बसवलेली आवृत्ती आहे. मी लिहितेय ते न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या प्रयोगाबद्दल, कारण तोच मला नीट माहीत आहे. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिन यांनी तो बसवला आणि २ फेब्रुवारी १९५४ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. हल्ली तो लिंकन सेंटर या कलासंकुलातल्या डेव्हिड एच. कोक थिएटरमध्ये होतो. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू होतात आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात.

दिवस निवडताना आधी विमानाची तारीख बघा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असतं. दुपारी दोनचा प्रयोग म्हणजे नुकत्याच आलेल्या माणसाच्या शरीराला रात्रीचे साडेबारा, आणि संध्याकाळी सातचा म्हणजे पहाटेचे साडेपाच. मऊ खुर्ची, काळोख आणि व्हायोलिनं. आल्यावर तिसऱ्या दिवशी नेलेली माणसं हमखास झोपतात, आणि त्यांना त्याचं मागाहून फार वाईट वाटतं. निदान आठ-दहा दिवस जाऊ द्या.

वडीलधाऱ्यांना मी दुपारचा प्रयोग सुचवेन. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो आणि त्यानंतरची थंडी वेगळीच असते. मात्र दुपारचे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी येतात आणि ते महाग असतात. खिशाचा विचार असेल तर डिसेंबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांतला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारची संध्याकाळ बघा. ख्रिसमसच्या आठवड्यात दर सगळ्यांत चढे असतात.

तिकीट काढताना

तिकीट काढायचं ते फक्त बॅले कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, नाहीतर थेट थिएटरच्या खिडकीवर. हे मी जोर देऊन सांगतेय. पहिल्या वर्षी मी गूगलवर शोधलं, सगळ्यांत वर आलेल्या दुव्यावर गेले आणि चार तिकिटं घेतली. ते संकेतस्थळ पुनर्विक्री करणाऱ्यांचं होतं. रूप असं की थिएटरचंच वाटावं. पैसे भरून झाल्यावर मूळ दर पाहिला, तर मी जवळजवळ दुप्पट मोजले होते. तिकिटं खरी होती म्हणून निभावलं. तेव्हा पैसे भरण्याआधी वरचा पत्ता एकदा वाचा.

दर मागणीनुसार बदलतात, त्यामुळे कालची किंमत आज असेलच असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ठरवलंत तर निवड भरपूर मिळते. मुलं बरोबर असतील तर वयाची अट तिकिटाच्या पानावर आधी वाचा. मांडीवर बसणाऱ्या मुलालाही वेगळं तिकीट लागतं. माझ्या अनुभवात पाच वर्षांच्या आतलं मूल दुसऱ्या अंकात कंटाळतं. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी तर हा बॅले केलेलाच आहे.

जागा: नाटकाची सवय इथे बाजूला ठेवा

आपल्याकडे नाटकाला पहिल्या तीन-चार रांगांची तिकिटं मिळाली की धन्य वाटतं. नटाचा चेहरा दिसला पाहिजे, कुजबूज ऐकू आली पाहिजे. तीच सवय घेऊन आम्ही पहिल्या वर्षी अगदी पुढे बसलो आणि मोठ्या गोष्टीला मुकलो.

बॅले पायांचा असतो, आणि त्याहूनही रांगोळीचा. हिमकणांच्या नाचात सोळा नर्तकी असतात. त्या एकमेकींना छेदत रांगा करतात, त्या रांगांची वर्तुळं होतात, वर्तुळं फुटून पुन्हा रेषा होतात. खालून, समोरून बघितलं तर नुसती पांढरी धावपळ दिसते. वरून बघितलं तर कुणीतरी ठिपक्यांची रांगोळी काढतंय आणि ती रांगोळी स्वतःच हलतेय असं दिसतं. दुसऱ्या अंकातल्या फुलांच्या नाचाचंही तेच.

म्हणून वरच्या मजल्यांवर बसा. या थिएटरात तळमजल्याच्या जागांना ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि वरच्या सज्जांना रिंग. पहिल्या किंवा दुसऱ्या रिंगची मधली जागा सर्वांत सुंदर. तिसऱ्या रिंगचा मध्यही चांगला आणि बराच स्वस्त. चौथ्या रिंगवर चेहरे बाहुलीएवढे दिसतात, पण रांगोळी पूर्ण दिसते. दुर्बीण जवळ असेल तर मी तिथेही आनंदाने बसेन. टाळायच्या त्या अगदी कडेच्या जागा, कारण तिथून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो. नकाशात जागेवर "पार्शल व्ह्यू" लिहिलेलं असेल तर स्वस्त का आहे ते समजून घ्या.

खालीच बसायचं असेल तर दहाव्या रांगेच्या मागे बसा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, आत शिरताच विचारा. तिकीट काढतानाच रांगेच्या टोकाची जागा घेतलीत तर पाच-सहा जणांचे पाय ओलांडावे लागत नाहीत. नाना उंच आहेत, त्यांच्यासाठी मी कायम टोकाची जागा बघते.

घरीच करायची तयारी

गोष्ट आधी सांगून ठेवा. जेवणानंतर दहा मिनिटं पुरतात.

जर्मनीतल्या एका सुखवस्तू घरी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मेजवानी आहे. ड्रोसेलमायर नावाचा गूढ, पण प्रेमळ मानलेला काका मुलांसाठी चालत्या बाहुल्या आणतो आणि घरातल्या छोट्या मारीला एक लाकडी शिपाई देतो. त्याच्या जबड्यात अक्रोड फोडता येतात, तोच नटक्रॅकर. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे अडकित्ताच की!" सुपारीऐवजी अक्रोड, एवढाच काय तो फरक. मारीचा भाऊ फ्रिट्झ तो मोडतो. रात्री मारी त्याच्यापाशी जाऊन झोपते, मध्यरात्र होते, आणि झाड वाढायला लागतं, उंदरांची फौज येते, नटक्रॅकर जिवंत होऊन लढतो. सात डोक्यांच्या उंदरांच्या राजावर मारी आपली सपाता फेकते आणि त्या क्षणाचा फायदा घेऊन नटक्रॅकर त्याला मारतो. नटक्रॅकरचा राजपुत्र होतो आणि तिला बर्फातून मिठाईच्या राज्यात नेतो. दुसरा अंक म्हणजे त्या राज्यातला दरबार. गोष्ट जवळजवळ संपलेली असते आणि एकामागून एक नाच होतात. हे माहीत नसलं की मागच्या रांगेतून हमखास कुजबुज येते, "पुढे काय होणार?" काही होणार नाही, आता फक्त बघायचं.

मूळ कथा ई. टी. ए. हॉफमन यांची, १८१६ सालची. ती फ्रेंचमध्ये अलेक्झांडर ड्युमा यांनी मवाळ केली आणि त्यावरून मारियस पेटिपा यांनी बॅलेचा आराखडा केला. पेटिपा आजारी पडल्यामुळे नाच बसवले लेव्ह इव्हानोव्ह यांनी. पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात डिसेंबर १८९२ मध्ये झाला.

संगीत चायकोव्हस्की यांचं. ते आधी ऐकून ठेवणं हीच माझ्या मते खरी तयारी. आठवडाभर स्वयंपाक करताना लावून ठेवा, वेगळं बसून ऐकायची गरज नाही. रागसंगीताच्या कानाला खास भेटतील अशा दोन जागा सांगते.

पहिली, शुगरप्लम परीचा नाच. त्यात जो काचेसारखा, थेंब पडल्यासारखा आवाज येतो ते वाद्य म्हणजे सेलेस्टा. दिसायला छोट्या पियानोसारखं, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. जलतरंग ऐकलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं. चायकोव्हस्कींना ते पॅरिसला सापडलं. तेव्हा ते इतकं नवं होतं की दुसऱ्या रशियन संगीतकारांना कळायच्या आत आपण वापरावं म्हणून त्यांनी ते गुपचूप मागवायला लिहिलं होतं.

दुसरी जागा शेवटच्या युगुलनृत्याची. चेलोवर एक सूर सुरू होतो आणि खाली उतरत जातो: सां नि ध प म ग रे सा. सगळे शुद्ध स्वर, बिलावलचा सरळ अवरोह, दुसरं काही नाही. गाणं शिकायला बसलेलं मूल पहिल्या आठवड्यात जे म्हणतं ते. पण ती धून वाद्यवृंद पुन्हा पुन्हा उचलतो, प्रत्येक वेळी मोठी करत नेतो, आणि शेवटी पितळी वाद्यं तोच अवरोह घेऊन येतात तेव्हा छातीत काहीतरी हलतं. नाना आयुष्यभर पेटी वाजवत आलेत. त्या संध्याकाळी अंधारात मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं उतरत होती, करंगळीपासून अंगठ्याकडे. चौथ्यांदा तो अवरोह आला तेव्हा ती थांबली आणि तळहात गुडघ्यावर तसाच उघडा राहिला.

आणि ही शुगरप्लम म्हणजे प्लमचं फळ नव्हे. बडीशेपेसारख्या दाण्यावर साखरेच्या पाकाचे थर चढवत केलेली ती जुनी युरोपी मिठाई. थोडक्यात, आपण संक्रांतीला तिळावर पाक चढवून करतो तो हलवा. परातीत मंद आचेवर हाताने हलवत, पाक थेंबाथेंबाने घालत. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग हलव्याची परी म्हण ना." आमच्या घरी तेव्हापासून तेच नाव आहे. हलव्याचे दागिने माहीत असलेल्या माणसाला त्या परीचा पोशाख बघताना वेगळाच आनंद होतो.

कपडे आणि खाणं

कपड्यांचं दडपण अजिबात नको. जीन्सवाल्यांपासून मखमली झग्यांपर्यंत सगळे असतात, आणि लहान मुली ठेवणीतल्या फ्रॉकमध्ये. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, सासूबाई पैठणी नेसून गेल्या होत्या. फक्त आत थर्मल घाला, पायांत मोजे आणि बंद बूट. रस्त्याकडेला अर्धवट वितळलेला काळा बर्फ असतो, तेव्हा साडी दोन बोटं वर नेसा आणि काठ सांभाळा. थिएटरात हीटर जोरात असतो. जाड कोट मांडीवर घेऊन दोन तास बसणं त्रासाचं, तो खाली कोट ठेवण्याच्या जागी देऊन टाका. खांद्यावर शाल पुरते. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, म्हणून खरेदी करून थेट थिएटर असा बेत करू नका.

आत खाता येत नाही. आपल्या मध्यंतरातला बटाटावडा इथे विसरायचा. मी दशमी आणि दाण्याची चटणी बांधून घेते आणि आम्ही गाडीतच खातो. पोहोचून खायचं असेल तर लिंकन सेंटरसमोर ब्रॉडवेवर, ६२ आणि ६३ व्या रस्त्यांच्या मध्ये, डेव्हिड रुबेन्स्टाईन एट्रियम आहे. लोकांसाठी मोफत खुली, उबदार जागा, बसायला खुर्च्या, स्वच्छतागृह. कधी उघडी आहे ते आधी बघून ठेवा. म्हातारी माणसं बरोबर असली की या एका जागेचं मोल फार वाटतं.

पोहोचणं

न्यू जर्सीतून येणाऱ्यांसाठी: एडिसन, मेट्रोपार्क किंवा मेटुचेनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गाची गाडी सरळ न्यूयॉर्क पेन स्टेशनला जाते. तिकीट ॲपवर किंवा फलाटावरच्या यंत्रात गाडीत चढण्याआधी काढा. पेन स्टेशनवरून १ नंबरची सबवे, उत्तरेला, म्हणजे अपटाउनकडे जाणारी. ६६ व्या रस्त्याच्या लिंकन सेंटर स्थानकावर उतरा. सबवेला क्रेडिट कार्ड किंवा फोन नुसता टेकवला की दार उघडतं. प्रत्येक माणसाने आपलं वेगळं कार्ड टेकवलं तर गोंधळ होत नाही. स्थानकातून लिंकन सेंटरला जमिनीखालून जाणारी वाट आहे, वारा बोचरा असेल तर तीच धरा.

वेळेचा हिशेब असा करा की प्रयोगाच्या तासभर आधी तुम्ही लिंकन सेंटरच्या चौकातल्या कारंज्यापाशी उभे असाल. समोर मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या काचांमागे मार्क शगाल यांची दोन प्रचंड भित्तिचित्रं दिसतात, ती संध्याकाळच्या दिव्यांत बघण्यासारखी आहेत. फोटोही इथेच काढून घ्या. कारंज्याकडे तोंड करून डाव्या हाताची इमारत आपली.

एका वर्षी मावशीला घेऊन निघायला आम्हालाच उशीर झाला आणि चार मिनिटं उशिरा पोहोचलो. दारावरच्या माणसाने अगदी अदबीने थांबवलं. इथे तिसरी घंटा झाली की झाली. योग्य जागा येईपर्यंत आत सोडत नाहीत. मेजवानीचा बराचसा भाग मावशीने बाहेरच्या टीव्हीच्या पडद्यावर पाहिला. ती काही बोलली नाही, पण अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या माणसाला दाराबाहेर उभं राहावं लागलं याची चुटपुट मला अजून आहे. त्यानंतर मी कायम एक गाडी आधीची धरते.

पडदा उघडण्याआधीची वीस मिनिटं

कार्यक्रमपत्रिका मोफत मिळते, तीत त्या दिवशी कोण नाचणार आहे ते असतं. मुख्य भूमिका रोज वेगवेगळे कलाकार करतात. लहान मुलांना खुर्चीवर ठेवायची उंच गादी हवी का ते कर्मचाऱ्यांना विचारा. नंतर मुलांना वाद्यवृंदाच्या खड्ड्याच्या कठड्यापाशी घेऊन जा. साठेक वादक सूर जुळवत असतात. हार्प कुठे आहे, सेलेस्टा कुठे आहे, शोधायला सांगा.

फोन बंद करा, नुसता सायलेंट नको. पडद्याचा उजेड काळोखात दहा रांगा मागून दिसतो. प्रयोग चालू असताना फोटो काढायला मनाई आहे, आणि ती सगळे पाळतात.

पहिला अंक

सुरुवातीची वीसेक मिनिटं नाच कमी आणि अभिनय जास्त आहे. मेजवानी, मुलांची भांडणं, भेटवस्तू. "बॅले कुठाय?" असं वाटेल. थोडं थांबा आणि मुलांकडे बघा. ती स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेचे विद्यार्थी आहेत. सव्वाशेच्या आसपास मुलं दोन गटांत विभागून आळीपाळीने काम करतात. बॅलन्शिन स्वतः लहानपणी मारिन्स्कीत याच बॅलेत राजपुत्र झाले होते, म्हणून त्यांच्या आवृत्तीत मुलं नुसती शोभेला नाहीत, गोष्ट त्यांचीच आहे.

मग झाड. साधारण १२ फुटांचं झाड वाढत वाढत ४० फुटांच्या आसपास जातं. वजन सुमारे एक टन. संगीत त्याच्याबरोबर पायरी पायरी चढतं, आणि तुम्हाला वाटतं आता संपलं, तर ते आणखी वर जातं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बांगड्यांचा ठसा घरी येईपर्यंत होता.

बर्फाच्या नाचात कागदाचे कपटे पडत राहतात, एका प्रयोगाला सुमारे ५० पौंड, म्हणजे बावीस-तेवीस किलो. वाद्यवृंदात मध्येच मुलांच्या आवाजातला आकार येतो, त्याला शब्द नाहीत. इथे पायांच्या आवाजाकडे लक्ष द्या. कथकमध्ये पाय वाजला पाहिजे, घुंगरू बोलले पाहिजेत. बॅलेत पाय वाजू नये म्हणून सगळी खटपट. बुटाचं टोक कापडाच्या आणि कागदाच्या थरांना सरस लावून कडक केलेलं असतं आणि त्या टोकावर सगळं शरीर. तरीही सोळा जणी एकदम उतरतात तेव्हा मऊसा धप्प आवाज येतो. तो ऐकला की त्या हलकेपणामागे किती कष्ट आहेत ते कळतं.

मध्यंतर

वीस मिनिटं. पडदा पडताक्षणी उठा, कारण स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची रांग लांब होते. पहिली घंटी वाजली की जागेवर परत या. बॅलन्शिन यांनी हलव्याच्या परीचा सेलेस्टावरचा नाच दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच आणून ठेवलाय. इतर आवृत्त्यांत तो शेवटाकडे येतो. ज्या नाचासाठी तुम्ही आठवडाभर संगीत ऐकलं तो रांगेत उभं राहिल्यामुळे हुकू शकतो.

दुसरा अंक

परीच्या नाचानंतर राजपुत्र येतो आणि उंदरांशी झालेली लढाई तिला नुसत्या हातांनी सांगतो: उंदीर आले, मी तलवार उपसली, हिने सपाता मारली. हा अभिनय बॅलन्शिन यांना मारिन्स्कीतल्या लहानपणापासून आठवत होता, तोच त्यांनी ठेवला. भरतनाट्यममधल्या अभिनयाची किंवा कथकमधल्या गतभावाची सवय असलेल्यांना हा भाग अक्षरशः वाचता येतो. आई माझ्या कानात त्याचा अर्थ सांगत होती, आणि ती एकदाही चुकली नाही.

पुढे चॉकलेट, कॉफी, चहा, मार्झिपान असे मिठाईचे आणि पेयांचे नाच. चहाच्या नाचातले चिनी लोकांची नक्कल वाटणारे हावभाव २०१७ साली बदलले गेले, ते बरं झालं. मदर जिंजर येते तेव्हा तिच्या अवाढव्य घागऱ्यातून आठ मुलं बाहेर पडतात आणि सगळं थिएटर हसतं. फुलांच्या नाचात दवबिंदू झालेल्या नर्तकीवरून नजर काढू नका, माझ्या मते सबंध संध्याकाळचं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोकळं काम तिचं आहे.

मग तो अवरोह. परी एका पायाच्या टोकावर स्थिर उभी राहते, जोडीदार नुसता हात धरतो आणि ती पाऊल न टाकता रंगमंचावरून सरकत जाते. पायाखाली सरकणारी पट्टी असते हे माहीत असूनही मला दर वेळी श्वास रोखावासा वाटतो.

टाळ्या कधी

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीत मधे टाळी वाजवत नाहीत, त्यामुळे लोक इथेही बिचकतात. बॅलेत तसं नाही. प्रत्येक नाच संपला की टाळ्या, एखादी अवघड गिरकी साधली की मधेही टाळ्या, झाड पूर्ण वाढलं की हमखास टाळ्या. आपल्यासारखी मोठ्याने "वाह" ही दाद मात्र नाचताना देत नाहीत, आणि वन्स मोअर मिळत नाही. नानांना याची रुखरुख लागली होती. त्याऐवजी शेवटी कलाकार पुन्हा पुन्हा पडद्याबाहेर येऊन वाकून नमस्कार करतात. तेव्हा उभं राहून हवं तेवढं "ब्राव्हो" म्हणा. लगेच कोट घ्यायला पळू नका, वाद्यवृंदाच्या नमस्कारापर्यंत थांबा.

घरी परतताना

सगळा प्रयोग मध्यंतरासह साधारण दोन तासांचा. सातचा प्रयोग नऊच्या सुमाराला सुटतो. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच कागदावर लिहून घ्या, एक चुकली तर दुसरी. कोट घ्यायची रांग, जिने, सबवे मिळून पेन स्टेशनपर्यंत पाऊण तास धरा. पेन स्टेशनवर गाडीचा फलाट सुटायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी कळतो आणि गर्दी एकदम धावते. वडीलधाऱ्यांना जिन्याजवळ उभं करा, एकाने फलकावर नजर ठेवावी. आणि चढताना त्यांना खिडकीची जागा द्या. एडिसन येईपर्यंत नाना काचेवर बोटाने सूर वाजवत होते आणि सासूबाई विचारत होत्या, पुढच्या वर्षी वन्संना बोलावलं तर तिकिटं कधी काढायला लागतील.